विश्लेषण : म्युझिक प्लेअरमध्ये ‘१९२ किलोहर्ट्झ’ निवडल्याने गाणे सुधारते का? पाऊण शतकापूर्वीच उत्तर देणारे क्लॉड शॅनन कोण होते?

संगणकावरील कोणत्याही म्युझिक प्लेअरच्या सेटिंगमध्ये ‘आउटपुट’ उघडले की आकड्यांची रांग दिसते. ४४,१०० हर्ट्झ, ४८,०००, ९६,०००, १,९२,०००. शेजारी १६ बिट, २४ बिट, ३२ बिट. अनेक जण यातला सर्वांत मोठा आकडा निवडतात आणि गाणे आता अधिक स्वच्छ ऐकू येते, असे स्वतःला पटवून देतात. यातले किती पुरेसे, याचे गणित अमेरिकी गणितज्ञ आणि अभियंता क्लॉड शॅनन यांनी १९४८ आणि १९४९ मध्ये मांडून ठेवले. तेव्हा संगणकावर गाणे वाजवणे तर दूरच, ट्रान्झिस्टरसुद्धा नुकताच जन्माला आला होता.

कुंपणाच्या तारेवरून टेलिग्राफ…

शॅनन यांचा जन्म ३० एप्रिल १९१६ रोजी मिशिगन राज्यातल्या पेटॉस्की येथे झाला. बालपण जवळच्या गेलॉर्ड या छोट्या गावात गेले. वडील व्यापारी आणि काही काळ न्यायाधीश, आई शिक्षिका आणि पुढे गावातल्या शाळेची मुख्याध्यापिका. मुलाला मात्र नाद होता तो वस्तू खोलून पुन्हा जोडण्याचा. अर्ध्या मैलावर राहणाऱ्या मित्राशी बोलण्यासाठी त्याने शेताच्या कुंपणाची काटेरी तार वापरून टेलिग्राफ तयार केला. तार आधीच तिथे होती, त्याने फक्त तिच्यातून संदेश पाठवला. थॉमस एडिसन हा त्याचा आदर्श. एडिसन आपले दूरचे नातलग लागतात, हे त्याला खूप नंतर कळले.

मिशिगन विद्यापीठातून १९३६ मध्ये त्यांनी विद्युत अभियांत्रिकी आणि गणित अशा दोन पदव्या घेतल्या. या दुहेरी शिक्षणाचा फायदा लगेच झाला. एमआयटीमध्ये व्हॅनेव्हार बुश यांच्या अजस्र गणकयंत्रावर काम करणारा विद्यार्थी हवा होता, तशी सूचना त्यांनी विद्यापीठाच्या फलकावर पाहिली आणि अर्ज केला. त्या यंत्रात रिलेंचे, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या स्विचचे, गुंतागुंतीचे जाळे होते. स्विच एक तर चालू असतो किंवा बंद. महाविद्यालयात शिकलेले जॉर्ज बूल यांचे तर्कशास्त्रही ‘खरे’ किंवा ‘खोटे’ एवढेच मानते. या दोन गोष्टी एकच आहेत, हे शॅनन यांनी १९३७ च्या पदव्युत्तर प्रबंधात सिद्ध केले. वय होते २१. आज प्रत्येक प्रोसेसरची रचना याच पायावर उभी आहे. शॅनन यांनी आयुष्यात पुढे काहीच केले नसते, तरी त्यांचे नाव पाठ्यपुस्तकात राहिले असते.

युद्धकाळात ध्वनीशी संबंध कसा आला?

१९४० मध्ये डॉक्टरेट मिळाल्यावर शॅनन न्यूयॉर्कमधील बेल लॅब्समध्ये रुजू झाले. टेलिफोन कंपनीची ही प्रयोगशाळा दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी काम करत होती. शॅनन यांच्याकडे विमानविरोधी तोफांच्या नेमाचे गणित आणि गुप्तलेखन असे दोन विषय आले.

बेल लॅब्समध्येच तेव्हा ‘सिगसॅली’ ही यंत्रणा तयार झाली. वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यातील सर्वोच्च पातळीवरचे संभाषण शत्रूला कळू नये, यासाठीचा हा टेलिफोन. एका टोकाच्या यंत्रसामग्रीचे वजन ५० टनांहून अधिक होते. बोलणाऱ्याचा आवाज वेगवेगळ्या वारंवारतांच्या पट्ट्यांत विभागायचा, सेकंदाला ५० वेळा प्रत्येक पट्ट्याची पातळी मोजायची आणि ती मोजक्या पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवायची, अशी पद्धत होती. या आकड्यांत निव्वळ यादृच्छिक आकडे मिसळले जात. ते आकडे ग्रामोफोनच्या तबकड्यांवर साठवलेले असत. एकसारख्या दोन तबकड्या, एक अमेरिकेत, एक लंडनमध्ये. वापर झाला की नष्ट.

या पद्धतीमागचे गणित तपासणाऱ्यांत शॅनन होते. संगीताच्या वाचकासाठी यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. आवाजाचे ठरावीक अंतराने मोजमाप घ्यायचे आणि प्रत्येक मोजमापाला एक आकडा द्यायचा, हेच काम आजची प्रत्येक ऑडिओ फाइल करते. प्लेअरच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ अशी जी अक्षरे दिसतात, ती याच पद्धतीची. तिची मूळ कल्पना ब्रिटिश अभियंते ॲलेक रीव्ज यांची, १९३७-३८ मधली. १९४३ च्या सुरुवातीला ॲलन ट्युरिंग बेल लॅब्समध्ये आले होते. दोघे चहाला रोज भेटत. दोघेही गुप्तलेखनावर काम करत होते आणि दोघांनाही त्याविषयी अवाक्षर काढण्याची मुभा नव्हती. त्यामुळे गप्पा रंगायच्या त्या विचार करणाऱ्या यंत्रांवर.

‘बिट’ हा शब्द कुठून आला?

युद्ध संपले, पण शॅनन यांच्या डोक्यातला प्रश्न संपला नव्हता. ग्रीनिच व्हिलेजमधल्या घरी ते रात्री जॅझ ऐकत, क्लॅरिनेट वाजवत आणि उरलेल्या वेळात हे गणित मांडत. जुलै आणि ऑक्टोबर १९४८ मध्ये बेल लॅब्सच्या नियतकालिकात त्यांचा ‘अ मॅथेमॅटिकल थिअरी ऑफ कम्युनिकेशन’ हा निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला.

त्यातले धाडस असे, की संदेशाचा अर्थ त्यांनी बाजूलाच ठेवला. प्रेमपत्र असो, शेअरचे भाव असोत की सारंगीचा सूर. अभियंत्याच्या दृष्टीने ते अनेक शक्यतांमधून निवडलेली एक शक्यता. ती निवड कळवायला ‘हो की नाही’ असे किती प्रश्न लागतात, ते माहितीचे माप. या मापाला ‘बिट’ हे नाव त्यांचे सहकारी जॉन टुकी यांनी सुचवले आणि शॅनन यांनी निबंधात त्याचे श्रेय त्यांना दिले. फाइलवर ‘३२० केबीपीएस’ लिहिलेले असते, म्हणजे सेकंदाला तीन लाख वीस हजार बिट.

दुसरा निष्कर्ष तेव्हाच्या अभियंत्यांना अविश्वसनीय वाटला. तारेत कितीही खरखर असली, तरी तिची एक ठरावीक क्षमता असते आणि त्या क्षमतेच्या आत राहून चुका हव्या तितक्या कमी करता येतात. अट एवढीच की संदेशाला हुशारीने जादा आकड्यांची जोड द्यायची. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर साधारण अडीच मिलिमीटरचा ओरखडा पडला तरी गाणे जराही बिघडत नाही, ते याचमुळे. तिथे वापरलेले रीड-सॉलोमन कोड १९६० मध्ये इतरांनी शोधले. पण असे कोड असू शकतात, ही खात्री शॅनन यांची.

मग ४४,१०० हर्ट्झचे गणित काय?

जानेवारी १९४९ मध्ये शॅनन यांचा आणखी एक निबंध प्रसिद्ध झाला. अभियांत्रिकीच्या ईएनटीसी शाखेत शिकलेल्यांना ‘सॅम्पलिंग थिअरम’ पाठ असतो, तो यातला. एखाद्या लहरीतली सर्वांत जास्त वारंवारता जेवढी, तिच्या दुपटीहून जास्त वेळा दर सेकंदाला मोजमाप घेतले, तर मूळ लहर जशीच्या तशी परत मिळते. ‘जवळपास’ नव्हे, जशीच्या तशी.

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. डिजिटल आवाज म्हणजे जिन्यासारख्या पायऱ्या आणि सॅम्पल रेट वाढवला की पायऱ्या बारीक होतात, असे चित्र जाहिरातींमध्ये वर्षानुवर्षे दाखवले गेले. ते चुकीचे आहे. दोन मोजमापांच्या मधे लहरीला मनमानी करायला जागाच नसते, कारण तिथे वेगळे काही घडायचे तर ठरवलेल्या मर्यादेबाहेरची वारंवारता लागेल. त्या बिंदूंमधून जाणारी एकच वक्ररेषा शक्य असते आणि हेडफोनआधीचा डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर तीच काढतो. बाहेर येते ती गुळगुळीत लहर.

माणसाच्या कानाची वरची मर्यादा साधारण २०,००० हर्ट्झ, तीही तरुणपणी. वय वाढते तशी ती खाली येते. दुप्पट केली की ४०,०००. नको असलेली वारंवारता गाळणाऱ्या फिल्टरला थोडी मोकळीक हवी, आणि सुरुवातीच्या काळात डिजिटल ध्वनी व्हिडिओ टेपवर साठवला जात असल्याने तिथे बसणारा आकडा हवा. यातून ४४,१०० ठरले. १,९२,००० निवडल्यावर ९६,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज साठवता येतात. तानपुऱ्याच्या जवारीतून कितीही स्वर झरले, तरी त्या उंचीवरचे काही माणसाला ऐकू येत नाही. वटवाघळाची गोष्ट वेगळी.

हा शोध आपल्या एकट्याचा असल्याचा दावा शॅनन यांनी कधी केला नाही. बेल लॅब्सचेच हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये त्याचा पाया घातला होता, सोव्हिएत अभियंते व्लादिमिर कोतेलनिकोव्ह यांनी १९३३ मध्ये तो स्वतंत्रपणे मांडला होता आणि गणितज्ञांना तो त्याहीआधी ठाऊक होता. शॅनन यांनी तो अभियंत्यांच्या भाषेत सांगितला आणि खरखरीच्या सिद्धान्ताशी जोडला.

१६ बिट की २४ बिट?

सॅम्पल रेट ‘किती वेळा मोजले’ हे सांगतो, तर बिट डेप्थ ‘किती बारकाईने मोजले’ हे. १६ बिटांत ६५,५३६ पातळ्या मिळतात, २४ बिटांत एक कोटी ६७ लाखांहून अधिक. मोजमाप जवळच्या पातळीवर बसवताना थोडी चूक होते आणि ती चूक हलकी खरखर म्हणून आवाजात मिसळते. प्रत्येक बिटामागे ही खरखर साधारण ६ डेसिबलने खाली जाते. १६ बिटांत ती सर्वांत मोठ्या आवाजापेक्षा सुमारे ९६ डेसिबल खाली असते. घरातला पंखा याहून कितीतरी जास्त आवाज करतो.

मग २४ बिट निरुपयोगी का? तसे नाही, आणि सेटिंगमधला खरा उपयोगाचा पर्याय हाच आहे. प्लेअरमधला आवाज कमी केला किंवा इक्वलायझर लावला की सॉफ्टवेअर प्रत्येक आकड्याचा गुणाकार करते. आउटपुट १६ बिटच असेल तर या हिशोबात खालचे बिट कापले जातात. फाइल १६ बिट असली तरी आउटपुट २४ बिट ठेवले, तर या हिशोबाला जागा मिळते. ‘डिदर’ हा पर्याय दिसतो तोही याच कामाचा. बिट कमी करताना तो मुद्दाम किंचित यादृच्छिक खरखर मिसळतो, त्यामुळे कानाला खटकणारी विकृती टळते.

‘एक्सक्लुझिव्ह मोड’चे काय? विंडोजमध्ये सर्व ॲप्सचे आवाज एकत्र केले जातात आणि त्यासाठी ते एकाच सॅम्पल रेटवर आणावे लागतात. गाणे ४४,१०० चे आणि सिस्टीम ४८,००० वर असेल, तर मधले आकडे नव्याने काढले जातात. हे गणित चांगले असेल तर फरक कानाला जाणवत नाही. ढिसाळ असेल तर जाणवू शकतो. एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये प्लेअर मिश्रण टाळून थेट साउंड कार्डाशी बोलतो. मोबदला म्हणून त्या वेळात इतर ॲप्स गप्प बसतात. याहून सोपा उपाय म्हणजे सिस्टीमचा आकडाच आपल्या बहुतेक गाण्यांशी जुळवून ठेवणे.

आणि हेडफोन ब्लूटूथचा असेल, तर ही सारी चर्चा जवळपास संपते. तिथे आवाज पाठवण्याआधी पुन्हा दाबला जातो. सर्वसाधारण एसबीसी पद्धतीत सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट, तर एलडीएसीमध्ये जास्तीत जास्त ९९० किलोबिट. सीडीचा प्रवाहच १,४११ किलोबिटांचा असतो. १९२ किलोहर्ट्झची फाइल विकत घेऊन ब्लूटूथवर ऐकणे म्हणजे टँकरभर पाणी आणून ते घरच्या नळाच्या पाइपातून सोडणे.

कानांनी काय सांगितले?

२००७ मध्ये ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एका चाचणीचे निष्कर्ष आले. श्रोत्यांना हाय-रेझोल्यूशन ध्वनी आणि तोच ध्वनी सीडीच्या दर्जावर उतरवून ऐकवला. कोणता कोणता, हे न सांगता. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही एवढीच आली असती. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातून १८ प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के होते. म्हणजे थोडा फरक काहींना जाणवत असावा, प्रशिक्षित कानांना थोडा जास्त. पण तो हेडफोन बदलल्याने किंवा मूळ ध्वनिमुद्रण चांगले असल्याने पडणाऱ्या फरकाच्या जवळपासही जात नाही. स्टुडिओत ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झ वापरतात, त्यामागे संकलनाच्या सोयीची कारणे आहेत.

एमपी३मध्येही शॅनन?

१९५९ मध्ये शॅनन यांनी आणखी एक प्रश्न सोडवला. मूळ संदेशात थोडी तूट चालणार असेल, तर कमीत कमी किती बिट पुरतील? एमपी३ किंवा एएसीचा बिटरेट निवडताना हीच देवाणघेवाण असते. कानाला ऐकू न येणारा भाग आधी टाकायचा आणि उरलेले आकडे छोट्या संकेतांत बसवायचे. हे संकेत हफमन यांच्या १९५२ च्या पद्धतीचे, आणि ती पद्धत शॅनन-फॅनो संकेताची सुधारलेली आवृत्ती. फ्लॅकमध्ये काहीच टाकले जात नाही, फक्त पुनरावृत्ती काढली जाते. १२८ केबीपीएसच्या एमपी३ला फ्लॅकमध्ये बदलले तर फाइल फुगते, गेलेला आवाज परत येत नाही. इंटरनेटवर अशा फुगवलेल्या फाइल ‘लॉसलेस’ म्हणून सर्रास फिरतात.

खेळण्यांचे घर, आणि शेवट

१९४९ मध्ये शॅनन यांनी बेल लॅब्समधल्याच गणितज्ञ बेटी मूर यांच्याशी विवाह केला. त्यांच्या कामात बेटी यांचा वाटा होता, तो अनेक वर्षे दुर्लक्षित राहिला. १९५० मध्ये चक्रव्यूहातून वाट शोधणारा ‘थिसियस’ हा यांत्रिक उंदीर तयार झाला. १९५६ मध्ये कुटुंब एमआयटीकडे वळले. त्याच वर्षी शॅनन यांनी एका संपादकीयात इशारा दिला, की माहितीचा सिद्धान्त मानसशास्त्रापासून अर्थशास्त्रापर्यंत सगळीकडे लावण्याची लाट आली आहे आणि ती आटोक्यात ठेवायला हवी. स्वतःच्या लोकप्रियतेवर थंड पाणी ओतणारे संशोधक विरळाच.

१९६१ मध्ये एड थॉर्प यांच्यासोबत त्यांनी सिगारेटच्या पाकिटाएवढा संगणक बनवला. रूलेटचे चाक आणि चेंडू यांचा वेग बुटातल्या स्विचने कळवायचा, मग कानातल्या इवल्या स्पीकरवर आठ सुरांपैकी एक वाजणार आणि चेंडू कोणत्या भागात पडेल ते सांगणार. लास वेगासच्या कॅसिनोत दोघांनी पत्नींसह तो वापरून पाहिला. यंत्र चालले, पण कानाकडे जाणारी केसाएवढी तार सतत तुटत राहिली. सगळे गणित बरोबर, आणि अडले ते इअरफोनच्या तारेपाशी!

घरात एकचाकी सायकली होत्या, जगलिंग करणारी यंत्रे होती, ज्वाळा फेकणारी तुतारीही होती. १९७८ मध्ये ते निवृत्त झाले. १९८५ मध्ये ब्रायटनच्या परिषदेत ते अचानक अवतरले तेव्हा संशोधकांनी स्वाक्षरीसाठी रांग लावली. आपण लोकांना कंटाळा आणू, या भीतीने त्यांनी भाषणात खिशातून चेंडू काढून जगलिंग सुरू केले. त्याच वर्षी त्यांना पहिला क्योटो पुरस्कार मिळाला. तोवर अल्झायमरची लक्षणे दिसू लागली होती.

९ जानेवारी २००१ रोजी ॲपलने आयट्यून्स आणले आणि गाण्यांचा संग्रह संगणकात ठेवण्याची सवय घरोघरी पोहोचू लागली. शॅनन तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या शुश्रूषागृहात होते. बाहेर काय घडते आहे, हे समजण्याच्या स्थितीत ते राहिले नव्हते. २४ फेब्रुवारी २००१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. गेलॉर्डमध्ये त्यांचा अर्धपुतळा आहे. थिसियस हा उंदीर आता एमआयटीच्या संग्रहालयात आहे.